वासूनानांचं नाक

वासूनानांचं खरं नाव पेन्शनच्या कागदावर आणि बायकोच्या डोक्यात, अशा दोनच ठिकाणी शिल्लक आहे. तेलाच्या गिरणीत चौतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं, ते म्हणजे वास घेणं. टाकीतलं तेल छोट्या वाटीत घ्यायचं, वाटी तळहातावर धरून जरा ऊब द्यायची, नाकाशी न्यायची आणि सांगायचं, जाऊ द्या किंवा थांबवा. पुढे यंत्रं आली, पण यंत्राबद्दल शंका आली की सगळे नानांनाच हाका मारायचे. वास घेतात म्हणून कुणीतरी वासूनाना म्हणालं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

माणूस मात्र नाकासमोर चालणारा. एकदा खुद्द मालक टाकीजवळ येऊन म्हणाले, "नाना, बाहेर गाड्या उभ्या आहेत. एवढी एक टाकी जाऊ द्या." नाना म्हणाले, "गाड्या उभ्या राहू देत. तेल खवट आहे." गाड्या रिकाम्या परत गेल्या. ही गोष्ट नानांनी आजवर किती वेळा सांगितली हे मोजणं त्यांच्या बायकोने केव्हाच सोडून दिलं आहे. पाहुणे आले आणि नाना खुर्चीत जरा सावरून बसले, की ती चहा करायला आत जाते आणि गाड्या परत गेल्याचा अंदाज घेऊन बाहेर येते.

निवृत्त झाल्यावर हे नाक घरात मोकाट सुटलं. दूध उद्यापर्यंत टिकणार नाही, टॉवेल नीट वाळले नाहीत, शेजाऱ्यांकडे काहीतरी करपलंय. तिसऱ्या आठवड्यात बायको म्हणाली, "अहो, हे नाक जिथे कुणाला हवंय तिथे घेऊन जा. मला नकोय."

ते जिथे हवं होतं ती जागा घरापासून वीस मिनिटांवर होती. बंद पडलेल्या बसडेपोच्या आवारात एका डॉक्टरीणबाईंनी प्राण्यांचा निवारा चालवला होता. चाळीसेक कुत्री, वीस-बावीस मांजरं, दोन पगारी माणसं आणि बाकी सगळं लोकांच्या चांगुलपणावर. खाऊ दानात यायचा, पण दान घेतानाही डोळ्यांत तेल घालावं लागतं. उघड्या पिशवीतले खराब झालेले कोरडे दाणे खाऊन एकदा अर्धा निवारा आजारी पडला होता. तेव्हापासून डॉक्टरांनी उघडलेली पिशवी घेणंच बंद केलं होतं.

"पण उघडलेलीच तर जास्त येणार," नाना पहिल्याच दिवशी म्हणाले होते. "बंद पिशवी माणूस दुकानात परत करतो. घरात राहते ती अर्धी. कुत्रं म्हातारं होऊन जातं, मांजर अचानक तोंड फिरवतं, मग त्या अर्ध्या पिशवीचं करायचं काय? बघवत नाही आणि टाकवतही नाही. मी वास घेऊन सांगतो ना. नाहीतरी या दाण्यांत खराब होतं ते तेलच."

डॉक्टरांनी त्यांच्यापुढे तीन पिशव्या ठेवून परीक्षा घेतली आणि नाना कामाला लागले. औषधाचं दुकान, बेकरी, न्हाव्याचं दुकान, वह्या-पुस्तकांचं दुकान आणि लाँड्री, अशा पाच ठिकाणी त्यांनी झाकणाचे डबे ठेवले. प्रत्येक डब्यावर स्वतःच्या ठळक अक्षरात लिहिलं: 'कुत्र्या-मांजरांचा खाऊ इथे द्या. उघडलेली पिशवीही चालेल.' मंगळवारी आणि शुक्रवारी ते ढकलगाडी घेऊन पाचही दुकानांतून फिरत. दुसऱ्या ओळीचा गुण असा, की निम्मा खाऊ तिच्यामुळेच येऊ लागला. लोक पिशवी देताना थोडं बोलतही. न्हाव्याच्या दुकानात एक धिप्पाड गृहस्थ अर्धी पिशवी छातीशी धरून दाढी संपेपर्यंत बसले होते. डब्यात टाकताना म्हणाले, "मापाचा पेला आतच आहे. राहू दे." नानांनी तो पेला अजून वापरात ठेवला आहे.

अशी चार वर्षं बरी गेली. मग या थंडीत नानांना ताप आला. आठवडाभर अंथरूण धरलं आणि उठले तेव्हा नाक गेलेलं होतं. म्हणजे जागेवर होतं, पण बिनकामाचं. साबण हुंगला, काही नाही. चहा म्हणजे नुसतं गरम पाणी. कानाघशाचे डॉक्टर म्हणाले, "परत येईल कदाचित. कदाचित नाहीही येणार. वाट बघायची."

नानांनी हे बायकोला सांगितलं नाही. तपासायला गेलो होतो घशासाठी, असं सांगितलं. निवाऱ्यात मात्र सांगायचं असं ठरवून निघाले होते, पण दारातच डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बरं झालं आलात, नाना! चौदा पिशव्या साठल्यात. तुमच्याशिवाय एकीलाही हात लावलेला नाही." आणि त्या इतक्या मनापासून हसल्या, की नाना 'बघतो' एवढंच म्हणाले. कोठीत जाऊन ते चौदा पिशव्यांसमोर बसले. पहिली उघडली. आत तोंड घालून श्वास ओढला. दुसरी, तिसरी. सगळ्यांचा वास सारखाच, म्हणजे काहीच नाही.

कोठीत एक करडी मांजर राहायची, एका कानाचं टोक नसलेली. वय नऊ-दहा. मांजर वाघाची मावशी, म्हणून तिचं नाव मावशी. मावशी उठली, पहिल्या पिशवीशी आली, एक दाणा चाटला. दुसऱ्या पिशवीचंही तसंच. तिसऱ्या पिशवीपाशी थबकली, नाक मागे घेतलं आणि शेपटी उभी करून निघून गेली. नानांनी त्या पिशवीवरची तारीख बघितली. दीड वर्ष उलटून गेलं होतं.

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, नानांना चांगली चार पायांची मावशी मिळाली. कुत्रं काहीही खातं, त्याच्यावर विसंबता येत नाही. मांजरीला मात्र तेल जरा उतरलेलं चालत नाही. त्या दिवसापासून नाना कोठीचं दार लावून घेऊ लागले. प्रत्येक पिशवीतले चार दाणे बशीत ठेवायचे आणि मावशीच्या तोंडाकडे बघत बसायचं. ती चाटेल ती पिशवी आत, ती वळेल ती बाहेर. मग दार उघडून नाना नाक चोळत बाहेर यायचे आणि पूर्वीच्याच रुबाबात सांगायचे, "अकरा चांगल्या. तीन खवट." असे तीन महिने गेले. एकही जनावर आजारी पडलं नाही, हे खरं. पण नानांना रात्री झोप नीट लागत नव्हती, हेही तितकंच खरं.

मग एका मंगळवारी शिवणकाम करणाऱ्या एक बाई आल्या. वय पंचावन्नच्या पुढे, गळ्यात मोजमापाची टेप तशीच राहिलेली. एकट्या राहतात, खिडकीशी मशीन टाकून लोकांचे कपडे सैल-घट्ट करून देतात. त्यांना मांजर हवी होती.

"पिल्लू नको हं," त्यांनी आधीच सांगितलं. "पिल्लू दोऱ्यांची वाट लावतं. मला अशी म्हातारी हवी, की बसली की बसली. मशीन चालू असताना शेजारी कुणी बसलेलं असलं म्हणजे बरं वाटतं."

डॉक्टर म्हणाल्या, "मग आमची मावशीच! नाना, दाखवा ना यांना. मी एक इंजेक्शन देऊन आले." आणि त्या गेल्या.

नाना बाईंना कोठीत घेऊन गेले. मावशी पोत्यावर झोपली होती. बाई खाली बसल्या, हात पुढे केला, तर या बयेने डोळे न उघडता हनुवटी त्यांच्या बोटांवर टेकवली. झालं. मावशी गेली तर शुक्रवारच्या पिशव्यांचं काय? डॉक्टर विचारतील, नाना, किती चांगल्या, किती खवट? आणि नाना काय सांगणार?

"छान आहे हो," बाई म्हणाल्या.

"दिसते छान," नाना म्हणाले. "पण कापडाची वैरीण आहे. कापड दिसलं की नखं बाहेर. मागे एका घरी दिली होती, पडदे फाडले, परत आणून दिली."

मावशीला कधीच कुणाच्या घरी दिलेलं नव्हतं. चौतीस वर्षांत खवट तेलाला चांगलं न म्हणणाऱ्या माणसाने चांगल्या मांजरीला खवट म्हटलं, आणि तेही शिवणवालीचं नेमकं वर्म बघून.

बाईंनी हात मागे घेतला. "लोकांचे कपडे असतात माझ्याकडे," त्या हळूच म्हणाल्या. "एखादीची लग्नातली साडी असते. कसं जमणार?" त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि परत फिरल्या. पिशवीतून त्यांनी एक छोटी गादी काढली, उरलेल्या चिंध्यांची, पण कडेची शिलाई अगदी सरळ. "येताना करून आणली होती. तिच्यासाठीच ठेवा. मांजर वाईट नसते हो, सवयी असतात."

नाना हातात गादी घेऊन उभे राहिले. डॉक्टर परत आल्या तेव्हा ते म्हणाले, "त्यांचा विचार बदलला." हे दुसरं खोटं. एक खोटं पचवायला दुसरं लागतंच.

मावशी त्या गादीवर जी चढली ती उतरेना. शुक्रवारी नाना पिशव्या घेऊन आले, दार लावलं, बशी मांडली. मावशी गादीवरून उठून आली, आपलं काम केलं आणि परत गादीवर जाऊन बसली. तीन दिवस झाले होते आणि त्या गादीचा एक धागाही निघालेला नव्हता. नानांनी ती उचलून उलटसुलट बघितली. मग त्यांनी बशी पालथी घातली आणि त्या दिवशी उरलेल्या पिशव्या न तपासताच घरी गेले.

संध्याकाळी ते स्वयंपाकघरात पेपर धरून बसले होते. बायको शेजारी बोलायला गेली होती. ती आली आणि धावतच गॅसपाशी गेली. दूध आटून भांडं काळं पडलं होतं, घरभर जळका वास.

"करपलं वाटतं," नाना म्हणाले.

बायकोने खिडकी उघडली, भांडं नळाखाली ठेवलं आणि हात पुसत त्यांच्यासमोर बसली. "तिसऱ्यांदा झालं हे. आधीच्या दोन वेळा मी काही बोलले नाही. म्हटलं, स्वतःहून सांगतील. नाक गेलंय ना तुमचं?"

नानांनी पेपर खाली ठेवला. मग सगळं सांगितलं, चौदा पिशव्यांपासून. मावशीची नोकरी ऐकून बायको पदर तोंडाला लावून हसली. "म्हणजे काम मांजरीचं आणि मिशीला पीळ तुमच्या!" पण शिवणवाल्या बाईंचं ऐकलं तसं तिचं हसू गेलं.

"गादी घेऊन आल्या होत्या?"

"हो."

बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती चालू होत नव्हती.

"ती मालकाची गोष्ट," शेवटी ती म्हणाली, "गाड्या परत गेल्याची. मी चहाला आत जाते, म्हणून तुम्हाला वाटतं मला कंटाळा येतो. येतोच. पण आतून ऐकत असते मी. तुम्ही हे असंच ठेवलंत, तर पुढच्या वेळी ती गोष्ट कशी सांगणार?"

जेवण झाल्यावर नानांनी जळकं भांडं घासायला घेतलं आणि ते लख्ख होईपर्यंत सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते डॉक्टरांसमोर उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. नाक, मावशी, बाई, पडदे, सगळं एका दमात सांगून टाकलं. डॉक्टर ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तीन महिने," त्या म्हणाल्या. "नाना, या जनावरांना बोलता येत नाही. तुम्हाला येत होतं."

"हो."

"उघडलेल्या पिशव्या आजपासून बंद. काल राहिलेल्यासुद्धा. आणि मावशीला तुम्ही स्वतः नेऊन सोडा. बाईंना खरं सांगून."

नानांनी कागदाच्या पट्ट्या कापल्या, डिंक घेतला आणि पाचही दुकानांत जाऊन डब्यावरची दुसरी ओळ झाकली. न्हाव्याने विचारलं, "का हो नाना?" नाना म्हणाले, "माझं नाक गेलंय." भर दुकानात, तीन गिऱ्हाइकांसमोर. एकाच्या चेहऱ्याला फेस लावलेला होता, तोही वळून बघायला लागला. लाज वाटली, पण वाटली तेवढीच, त्याहून जास्त काही झालं नाही.

मग मावशी टोपलीत, तिची गादी खाली, असे ते शिवणवाल्या बाईंच्या दारात गेले. उंबऱ्याबाहेरच उभं राहून बोलले. बाईंनी ऐकून घेतलं.

"म्हणजे पडदे फाडले नाहीत?"

"नाही."

"नाना, चार रात्री मी स्वतःला समजावत होते, की आपल्या नशिबात तेवढंही नाही." बाईंनी टोपलीकडे बघितलं. "तुम्हाला कल्पना तरी आहे का?"

"आता आली," नाना म्हणाले. "माफ करा, असं म्हणायलाही तोंड नाही मला."

बाईंनी टोपली त्यांच्या हातातून घेतली. त्यांना आत या म्हणाल्या नाहीत, पण दारही लावलं नाही. मशीनशेजारी खिडकीत एक जागा रिकामी केलेली होती, बाजूला सगळी कापडं रचलेली. गादी तिथे अगदी मापात बसली. मावशीने एक फेरी मारली आणि जन्मापासून तिथेच राहत असल्यासारखी बसली.

बाईंनी फळीवरून एक पिशवी काढली. "त्या दिवशी येण्याआधीच आणून ठेवली होती. त्या कोपऱ्यावरच्या दुकानातून." वाटीत दाणे ओतले. मावशीने वाटीपाशी नाक नेलं आणि तोंड फिरवलं. बाईंनी वाटी उचलून स्वतः हुंगली आणि नाक मुरडलं. "शी! मशीनच्या तेलाची जुनी बाटली उघडल्यावर येतो ना, तसला वास येतोय."

नाना दारातच ताठ झाले. "जुन्या तेलाचा? घशात टोचतो?"

"टोचतो जरा. मागून येतो, आधी नाही."

"मागून येतो," नाना म्हणाले. तीन महिन्यांत त्यांच्या कानावर एवढी चांगली गोष्ट पडली नव्हती. "मागून येतो तोच खवट, बाई. टाकून द्या ते. पण हे तुम्हाला कळलं कसं?"

"कळायचं काय त्यात? तीस वर्षं लोकांचे कपडे हाताळते. कुणाच्या कपाटात ओल आहे, कुणी इस्त्री करताना भाजलंय, सगळं कळतं. सिगारेट सोडली म्हणून घरी शपथा घेणारे पुरुष मला त्यांच्या बायकांच्या आधी माहीत असतात."

नाना हसले. मग हसता हसता पायांकडे बघायला लागले. बाईंनी त्यांच्याकडे बघितलं, खुर्चीवरचे कपडे उचलले आणि म्हणाल्या, "या आत. बसा."

बाईंचं नाक वापरू या म्हटल्यावर डॉक्टर या वेळी सहजासहजी बधल्या नाहीत. त्यांनी पाच वाट्या मांडल्या, एकीत खराब दाणे, एकीत अगदी थोडे खराब दाणे मिसळलेले. बाईंनी एकेक वाटी घेतली. नानांनी फक्त सांगायचं होतं, वाटी आधी तळहातावर धरा, ऊब द्या, घाई करू नका. बाईंनी दोन्ही वाट्या बाजूला काढल्या. डॉक्टरांनी अजून दोन आठवडे परीक्षा घेतली. तिसऱ्या आठवड्यात त्या नानांना म्हणाल्या, "पट्ट्या काढा."

आता शुक्रवारी ढकलगाडी आधी बाईंच्या घरी थांबते. मशीन बंद होतं. नाना पिशव्या उघडतात, बाई हुंगतात आणि काय वाटतं ते सांगतात, आणि नाना त्याला नाव देतात. ओल्या पुठ्ठ्यासारखा म्हणजे उबट, तो पिशवीचा, आतलं चांगलं आहे. जुन्या ताकासारखा म्हणजे आंबूस, पाणी लागलंय, बाहेर. बाई नावं शिकल्या आहेत, पण अजून नानांना विचारतात. शंका आली की दोघं मावशीकडे बघतात. तिचा शब्द शेवटचा.

परवा बेकरीतल्या डब्यातून एक छोटी पिशवी आली, जवळजवळ पूर्ण भरलेली. बाईंनी ती हुंगली आणि पुन्हा एकदा हुंगली.

"काय?"

"चांगली आहे. फार चांगली. कसं सांगू?" त्यांनी डोळे मिटले. "भाजलेले तीळ असतात ना, अजून गरम. आणि खाली लाकूड. उन्हातलं लाकूड."

नानांनी हात पुढे केला. बाईंनी पिशवी दिली. नानांनी ती दोन्ही हातांनी धरली, तोंड आत घातलं आणि खोल श्वास घेतला. एकदा. पुन्हा एकदा. मावशीने डोळे उघडून त्यांच्याकडे बघितलं.

"आला?" बाईंनी विचारलं.

"नाही," नाना म्हणाले. पण पिशवी त्यांनी लगेच खाली ठेवली नाही. "पहाटे पाचची पाळी असायची. पहिला घाणा सुरू झाला की असाच यायचा. तुम्ही सांगितलंत ते अगदी बरोबर आहे. उन्हातलं लाकूड. मला हे कधी सांगता आलं नाही."

त्यांनी पिशवीवर बरोबरची खूण केली, तोंड दुमडून दोरी बांधली आणि पुढची पिशवी उघडायला घेतली.